मायक्रोवेव्ह चालतो, पण अन्न गरम होत नाही? आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

लाइट लागतो, ताट फिरतं, पंख्याचा आवाज येतो, टायमर शून्यावर येतो आणि बीप वाजते. दार उघडून बघावं तर वरण होतं तसंच गार. मायक्रोवेव्ह पूर्ण बंद पडला तर निदान कळतं तरी की बंद पडलाय. हा प्रकार मात्र गोंधळात टाकतो, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण घर अंबाजोगाईचं, आणि आमच्या बीड जिल्ह्यात एकदा मुलगा इंजिनियर झाला की त्याला टीव्हीपासून बोअरच्या स्टार्टरपर्यंत सगळं कळतं असं धरून चालतात. मायक्रोवेव्हबद्दल मला सर्वात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट. या लेखात मायक्रोवेव्हचं बाहेरचं पत्र्याचं कव्हर उघडून करायचं एकही काम नाही. यूट्यूबवर ते पाच मिनिटांचं काम वाटतं. ते का करायचं नाही हे पुढे आकड्यांसकट सांगतो, पण तोपर्यंत स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्येच राहू द्या.

या लक्षणातून काय कळतं?

लाइट, ताट आणि डिस्प्ले चालू आहेत म्हणजे प्लगपर्यंत वीज येतेय, आतला मुख्य फ्यूज शाबूत आहे आणि कंट्रोल पॅनलही बऱ्यापैकी काम करतोय. म्हणजे कारणं तीन गटांत उरतात: सेटिंग चुकलंय, व्होल्टेज कमी आहे, किंवा उष्णता तयार करणाऱ्या साखळीतला एखादा भाग गेलाय. मेकॅनिक बहुतेक वेळा थेट तिसऱ्या गटापासून सुरुवात करतो. आपण पहिल्यापासून करू, कारण पहिल्या दोन गटांना पैसे लागत नाहीत.

सेटिंग पटकन बघून घ्या. पॉवर लेव्हल कमी राहिलेली असू शकते. डीफ्रॉस्टवर साधारण 30 टक्केच पॉवर मिळते, म्हणजे मशीन थोडा वेळ तापवतं आणि बराच वेळ नुसतं ताट फिरवतं. काही मॉडेलमध्ये नुसता किचन टायमर असतो, तो फक्त वेळ मोजतो. काहींमध्ये शोरूमसाठी डेमो मोड असतो, त्यात सगळं चालल्यासारखं दिसतं पण उष्णता तयार होत नाही. लहान मुलांनी बटणं दाबून हे चालू केल्याचं मी पाहिलंय. तो कसा बंद करायचा हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. प्लग काढून पाच मिनिटांनी परत लावून पाहायला हरकत नाही.

पाण्याची चाचणी

'गरम होत नाही' आणि 'नीट गरम होत नाही' हे दोन वेगळे आजार आहेत. भाजीला बोट लावून त्यातला फरक कळत नाही, पाण्यात कळतो.

मायक्रोवेव्हला चालणाऱ्या काचेच्या भांड्यात बरोबर 1 लिटर पाणी घ्या. माठातलं असेल तर उत्तम. स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने तापमान लिहून घ्या. तापाचं थर्मामीटर इथे चालत नाही. फुल पॉवरवर बरोबर 1 मिनिट चालवा, पाणी ढवळा आणि लगेच पुन्हा तापमान घ्या. जितके अंश वाढले त्याला 70 ने गुणा. आलेला आकडा म्हणजे तुमचा मायक्रोवेव्ह पाण्याला प्रत्यक्ष देत असलेले वॅट.

हे 70 कुठून आलं? 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला साधारण 4,187 जूल लागतात, त्याला 60 सेकंदांनी भागलं की जवळपास 70. म्हणजे 800 वॅटच्या मशीनने मिनिटभरात पाणी साधारण 11 अंशांनी वाढवायला हवं. घरच्या चाचणीत थोडी उष्णता भांड्यात आणि हवेत जाते, म्हणून 9 किंवा 10 अंश आले तरी मशीन ठणठणीत समजा. एक लक्षात ठेवा, मशीनवर बऱ्याचदा दोन आकडे असतात. 1,200 किंवा 1,300 वॅट हा विजेचा खप, आणि 700 किंवा 800 वॅट हे अन्नापर्यंत पोहोचणारं आउटपुट. तुलना दुसऱ्याशी करायची.

थर्मामीटर नसेल तर एक कप, म्हणजे 250 मिली पाणी 1 मिनिट ठेवा. चांगल्या मशीनमध्ये ते बोट ठेवता येणार नाही इतकं गरम होतं. मात्र तेच पाणी तीन-चार मिनिटं ठेवू नका. गुळगुळीत काचेत पाणी उकळीच्या वर जाऊनही शांत दिसतं आणि कप हलवला की अंगावर उसळतं. कपात लाकडी चमचा टाकला की हा धोका कमी होतो.

पाणी अजिबात तापलं नाही तर बिघाड आत आहे. व्यवस्थित तापलं तर दोष सेटिंगचा, भांड्याचा किंवा जाड गोठलेल्या अन्नाचा. आणि तापलं पण अर्धवट, तर आपल्या भागात आधी एकाच गोष्टीवर संशय घ्यायचा.

व्होल्टेज

मागच्या पट्टीवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ लिहिलेलं असतं. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की खेड्यात संध्याकाळी प्रत्यक्षात किती येतं हे वेगळं सांगायला नको. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे, पण केंद्र जवळ असल्याने घरातलं व्होल्टेज चांगलं राहत नाही. ते ठरतं तुमच्या डीपीवर किती भार आहे आणि डीपीपासून घरापर्यंत तार किती लांब आणि किती जाड आहे यावर. डीपीच्या शेजारचं घर आणि त्याच लाइनवरचं वस्तीवरचं शेवटचं घर यात चांगलाच फरक पडतो.

पूर्वी हे लगेच कळायचं, पिवळा बल्ब मंद व्हायचा. आता घरोघरी एलईडी आहेत, आणि बरेचसे एलईडी व मोबाइलचे चार्जर कमी व्होल्टेजवरही पूर्ण ताकदीने चालतात. टीव्हीचंही तेच. त्यामुळे घरात सगळं ठीक आहे असं वाटत राहतं आणि मायक्रोवेव्ह एकटाच बदनाम होतो.

कमी व्होल्टेजला तो इतका का हलतो? साध्या हीटरचं गणित वर्गाचं आहे. 230 ऐवजी 180 व्होल्ट आले तर उष्णता साधारण 61 टक्क्यांवर येते. मायक्रोवेव्हमध्ये याशिवाय एक उंबरठा असतो. आतला मॅग्नेट्रॉन ठरावीक दाबाखाली लहरी तयारच करत नाही. म्हणून व्होल्टेज थोडं पडलं की आउटपुट बरंच पडतं, आणि आणखी पडलं की नुसतं ताट फिरतं.

केज तालुक्यात राहणाऱ्या आमच्या काकांकडे अगदी हेच होतं. नवा मायक्रोवेव्ह, दुपारी छान चालायचा, संध्याकाळी दूधसुद्धा कोमट व्हायचं नाही. काकांचं म्हणणं, "दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला बघ." मी त्यांना फोनवरून चाचणी करायला लावली. संध्याकाळी सातला स्टॅबिलायझरच्या डिस्प्लेवर येणारं व्होल्टेज 170 च्या आसपास आणि पाणी वाढलं 4 अंश, म्हणजे 280 वॅट. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला 228 व्होल्ट, आणि वाढ 10 अंश, म्हणजे 700 वॅट. मशीन तेच, भांडं तेच. मग मी विचारलं, "काका, स्टॅबिलायझर लावलाय ना, मग तो काय करतो?" तर तो होता फ्रिजचा, आणि मायक्रोवेव्ह शेजारच्या बोर्डवर थेट.

फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर मायक्रोवेव्हला लावूही नका. साध्या सोलो मायक्रोवेव्हला किमान 2 केव्हीएचा आणि कन्व्हेक्शनवाल्याला त्याहून मोठा लागतो. व्होल्टेज मोजताना मशीन चालू असताना मोजा. रिकाम्या सॉकेटवर 225 दिसतं आणि भार पडला की 190 होतं, असं झालं तर दोष घरातल्या वायरिंगचा, सैल सॉकेटचा किंवा स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डचा असू शकतो. प्लग हाताला गरम लागत असेल तर तो बोर्ड आजच बदला. कन्व्हेक्शनवाल्याला 16 अँपिअरचंच सॉकेट हवं.

इथे एका शब्दाचा घोळ सोडवून टाकतो. 'इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह' म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर चालणारा मायक्रोवेव्ह नव्हे. त्यात जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, एवढंच. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर कुठलाच मायक्रोवेव्ह लावू नका. साधा घरगुती इन्व्हर्टर सहाशे-सातशे वॅटचा, आणि मशीनला लागतात बाराशेच्या वर.

आत उष्णता तयार कशी होते?

हे समजलं की मेकॅनिकशी बोलणं सोपं जातं. 230 व्होल्ट आधी एका जड ट्रान्सफॉर्मरमध्ये जातात आणि साधारण 2,000 व्होल्ट होऊन बाहेर पडतात. पुढे एक कपॅसिटर आणि एक डायोड मिळून तो दाब जवळपास दुप्पट करतात. हे 4,000 व्होल्ट मॅग्नेट्रॉनला मिळतात. त्याच्या मधल्या तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, दोन चुंबकांमुळे ते सरळ न जाता गोल फिरतात आणि भोवतीच्या तांब्याच्या पोकळ्यांमध्ये 2,450 मेगाहर्ट्झच्या लहरी उठवतात. त्या लहरी एका पत्र्याच्या नळीतून आतल्या डब्यात येतात आणि अन्नातलं पाणी तापवतात.

माझी डिग्री ईएनटीसीची, तिथे मॅग्नेट्रॉन परीक्षेपुरता वाचला होता. गंमत म्हणजे हा भाग स्वयंपाकघरासाठी जन्मलाच नाही. 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी तो रडारसाठी बनवला. 1945 मध्ये अमेरिकेत रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट त्याच्याजवळ वितळलं आणि त्यातून पुढे ओव्हन आला. आपल्याकडे पवईच्या आयआयटीच्या आवारात 'समीर' ही सरकारी संस्था मायक्रोवेव्ह तंत्रावर काम करते. कॅन्सरच्या रेडिएशन उपचाराची यंत्रं तिथे विकसित झाली, आणि तशा यंत्रांमध्येही मॅग्नेट्रॉन वापरतात. अर्थात तो आपल्या घरच्यापेक्षा कितीतरी पट ताकदीचा.

कान लावून ऐका

साध्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हमध्ये स्टार्ट दाबल्यावर आधी पंख्याचा हलका आवाज येतो आणि एक-दोन सेकंदांनी खालच्या पट्टीतला 'घूंऽऽ' असा जड आवाज सुरू होतो. तो ट्रान्सफॉर्मरचा. आत पाण्याचा कप ठेवून नीट ऐका.

घूं येतच नसेल तर ट्रान्सफॉर्मरला वीजच पोहोचत नाहीये. दाराचा स्विच, कंट्रोल बोर्डवरचा रिले किंवा जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कटआउट, यांपैकी काहीतरी. हे भाग तुलनेने स्वस्तातले. घूं नेहमीपेक्षा खूप मोठा, गुरगुरल्यासारखा येत असेल तर डायोड, कपॅसिटर किंवा मॅग्नेट्रॉन शॉर्ट झालेला असण्याची शक्यता जास्त. लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालवून बघू नका. आवाज नेहमीसारखा किंवा किंचित हलका, पण पाणी गार, तर मॅग्नेट्रॉन किंवा उच्च दाबाच्या बाजूचा फ्यूज. इन्व्हर्टर मायक्रोवेव्हला हे लागू नाही, त्याचा आवाज मुळातच वेगळा.

माझ्या मावशीकडे घूं गायब होता. तिचा फोन आला, "ताट फिरायलंय, लाइट लागायलीय, पण भाजी काही गरम होईना. मेकॅनिक म्हणतोय मॅग्नेट्रॉन गेला, नवाच घ्या." मी म्हटलं, "मावशी, तू फक्त चालू असताना दाराची कड हळूच आत दाबून धर आणि आवाज बदलतो का सांग." तिने दाबलं आणि घूं सुरू झाला. दाराचा हुक झिजला होता, त्यामुळे एक स्विच पूर्ण दबत नव्हता. दुसऱ्या मेकॅनिकने हुक आणि स्विच बदलून दिला, मॅग्नेट्रॉन आजही तोच आहे.

दाराच्या आत साधारण तीन छोटे स्विच असतात. दार उघडं असताना लहरी सुरू होऊच नयेत यासाठी ते आहेत. हुकच्या खाचेत पोळीचा तुकडा किंवा चिकट तेल अडकलं तरी स्विच नीट दबत नाही, म्हणून प्लग काढून ओल्या फडक्याने ती खाच आणि दाराची कड पुसा. दार आपटायची सवय असेल तर ती थांबवा. आणि कुणी "स्विच डायरेक्ट करून देतो" म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो स्विच म्हणजे तुमच्या डोळ्यांचं आणि हाताचं कुंपण आहे. दाब देऊन ठेवल्यावरच चालणारा मायक्रोवेव्हही दुरुस्तीपर्यंत वापरू नका.

आणखी एक ओळखीचं लक्षण: आधी पाच मिनिटं छान तापवतो, मग नुसता फिरतो, आणि अर्ध्या तासाने परत ठीक. हा बहुतेक थर्मल कटआउट. फडताळात कोंबून ठेवलेला मायक्रोवेव्ह, मागे भिंतीला चिकटलेल्या जाळ्या, त्यात धूळ आणि पिठाचा थर, आणि वर आपल्याकडचा चाळिशीपार उन्हाळा. मागे-बाजूला आणि वर मॅन्युअलमध्ये सांगितलेली मोकळी जागा सोडा, जाळ्या कोरड्या ब्रशने झाडा. झुरळं आणि पालीही उबेसाठी आत शिरतात आणि कंट्रोल बोर्डवर शॉर्ट करून जातात. मेकॅनिकने कव्हर उघडलं की हे बघायला सांगा.

आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक पातळ चौकोन दिसतो, तो अभ्रकाचा. त्यावर तेल उडून काळा डाग पडला की ठिणग्या येतात आणि तापणंही कमी होतं. हा एवढा एकच भाग घरी बदलता येतो: प्लग काढा, जुना चौकोन सोडवा, त्याच मापाचा नवा कापून बसवा. ठिणग्या येत असताना मशीन चालवत राहिलात तर मॅग्नेट्रॉनवर ताण येतो. रिकामा मायक्रोवेव्ह चालवल्यानेही तेच होतं. एकच पापड भाजायचा असेल तर सोबत अर्धा पेला पाणी ठेवा. तेलाची फोडणी मात्र गॅसवरच करा, ती या मशीनचं काम नाही.

कव्हर का उघडायचं नाही?

घरात कपॅसिटर म्हटलं की लोकांना पंख्याचा आठवतो. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर जवळपास 1 मायक्रोफॅरडचा आणि 2,100 व्होल्ट एसीसाठी बनवलेला असतो. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. तो हळूहळू उतरावा म्हणून आत साधारण 10 मेगाओहमचा रेझिस्टर असतो, आणि तो ठीक असेल तर मिनिटाभरात काम होतं. पण तो रेझिस्टर गेलाय की शाबूत आहे हे बाहेरून दिसत नाही. प्लग लावून आतलं काही तपासायला गेलात तर धोका त्याहून मोठा. ट्रान्सफॉर्मरच्या त्या बाजूला माणूस मारायला पुरेसा करंट असतो.

"आमच्याकडे ईएलसीबी आहे" हे उत्तर इथे कामाचं नाही. ईएलसीबी घरात येणारा आणि परत जाणारा करंट जुळतो का ते बघतो. शॉक ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूने बसला तर त्याच्या दृष्टीने हिशोब जुळलेलाच असतो, तो ट्रिप होत नाही. साधा मल्टिमीटरही 600 किंवा 1,000 व्होल्टपर्यंतचाच असतो, तिथे लावला तर हातात फुटू शकतो.

जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी काढायचे व्हिडिओ फिरतात. त्यात जगभरात माणसं मेली आहेत. घरात विज्ञान प्रकल्पाची आवड असलेला मुलगा असेल तर जुनं मशीन त्याच्या हाती देऊ नका. मॅग्नेट्रॉनमधली चुंबकं काढण्यासाठी तो फोडायचाही नाही, काहींमधल्या चिनी मातीसारख्या भागात बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

मेकॅनिककडे जाताना

आधी वॉरंटी कार्ड शोधा. पूर्ण मशीनची वॉरंटी एक वर्षाची असली तरी काही कंपन्या मॅग्नेट्रॉनवर त्याहून जास्त वर्षं देतात, आणि नेमका तोच महाग भाग असतो. मेकॅनिकला फक्त 'गरम होत नाही' एवढंच न सांगता पाण्याचा आकडा, चालू असतानाचं व्होल्टेज आणि आवाज सांगा. मॅग्नेट्रॉन गेला म्हणाला तर मोजून दाखवायला सांगा. चार्ज उतरवून, वायरी काढून त्याने मीटर लावला की चांगल्या मॅग्नेट्रॉनच्या दोन टोकांमध्ये 1 ओहमपेक्षा कमी दिसतं आणि टोक ते बॉडी काहीच दिसत नाही. टोक ते बॉडी रीडिंग आलं तर तो नक्की गेला. उलट मीटरवर ठीक दिसला म्हणून तो चांगलाच आहे असं नाही, वापराने कमजोर झालेला मॅग्नेट्रॉन मीटरवर सापडत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्या.

स्विच, फ्यूज, डायोड, कपॅसिटर, हुक यांतलं काही असेल तर दुरुस्तीच करा, माझं स्पष्ट मत. आठ-दहा वर्षं जुन्या सोलो मशीनचा मॅग्नेट्रॉन गेला असेल तर मात्र नव्याची किंमत विचारून मगच हो म्हणा. आतला डबा गंजून भोक पडलं असेल, दार वाकलं असेल किंवा काच तडकली असेल तर दुरुस्तीचा विषयच संपला. कंपनी वॉरंटीत टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. केंद्र सरकारने 2022 च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलंय, त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती मिळते.

मशीन दुरुस्त होऊन आलं की पैसे देण्याआधी मेकॅनिकसमोरच 1 लिटर पाण्याची चाचणी करा. आलेले वॅट, त्या वेळचं व्होल्टेज आणि तारीख एका चिकटपट्टीवर लिहून मशीनच्या बाजूला लावून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला तोच आकडा लागेल.